संत्र्याच्या साली, कोराडीचा कोळसा

एक लिटर पाण्याची वाफ करायला किती वीज लागते? 'अप्रकट उष्मा' नावाचा धडा शाळेत सगळ्यांना असतो आणि परीक्षेनंतर सगळेच तो डोक्यातून डिलीट करतात, म्हणून उत्तर इथेच देतो. साध्या तापमानाच्या पाण्यापासून सुरुवात केली आणि वाटेत उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं, तरी साधारण ०.७ युनिट. कमी तापमानावर सावकाश वाळवलं म्हणून हा आकडा फारसा खाली येत नाही. पाणी या बाबतीत घासाघीस करत नाही.

आता स्वयंपाकघरातला ओला कचरा बघा. दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, आंबलेलं वरण, हिवाळ्यात संत्र्याच्या साली. यात वजनाने पाऊण भाग तरी पाणीच असतं. शंभर फ्लॅटची सोसायटी घ्या आणि घरटी दिवसाला एक किलो ओला कचरा धरा. रोज शंभर किलो, त्यात पंचाहत्तर लिटर पाणी. ते विजेवर उडवायचं तर रोजची पन्नासेक युनिट, महिन्याची दीड हजार. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे महिन्याला टनभर. आपल्याकडच्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे तीन-साडेतीनशे किलो राख. तीन टन सालींतलं पाणी काढायला आपण एक टन कोळसा जाळला आणि हातात आली पाऊण टन भुकटी. राख वेगळी.

हे गणित मी रिकामपणी केलेलं नाही. 'फुल्ली ऑटोमॅटिक' कंपोस्ट मशीन विकणारा एक प्रतिनिधी आमच्या सोसायटीत येऊन गेला. प्रोजेक्टर, हिरव्या पानांचा लोगो, आणि मोठ्या अक्षरात '२४ तासांत खत'. मी विचारलं, आत हीटर किती किलोवॅटचा आहे? तो म्हणाला, "सर, टच पॅनल आहे." कमिटीतले काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी लग्नात नवरदेवाचा पगार विचारला.

सगळी यंत्रं सारखी नसतात. काहींत खरोखर जिवाणू असतात, हवा खेळवली जाते, वेळ दिला जातो. पण चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारं यंत्र बहुधा दोनच कामं करतं: बारीक करतं आणि वाळवतं. जिवाणूंना सेल्सच्या टार्गेटशी देणंघेणं नसतं, त्यांना आठवडे लागतात. त्या यंत्रातून निघालेली तपकिरी पूड दिसते खतासारखी, पण कुंडीत घालून पाणी दिलं की चोवीस तासांपूर्वी थांबवलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. पूड तापते, वास मारते, तिच्यावर बुरशी येते आणि मोगऱ्याची मुळं होरपळतात. हे खत नव्हे, हे कचऱ्याचे सांडगे.

आणि सांडगेच घालायचे, तर नागपूरला वीज कशाला पाहिजे? मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणारं हे शहर. इथे गच्चीवर घातलेली कुरडई दोन उन्हांत खडखडीत वाळते. अशा गावात सालींतलं पाणी उडवायला हीटर लावणं म्हणजे अंबाझरीच्या काठावर बसून बिसलेरीने पाय धुणं. ग्रिडमधली वीज नेमकी कुठून आली हे सांगता येत नाही, मान्य. पण शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी आपल्याला घराच्या गच्चीवरून दिसतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ लोकांच्या शेतांत आणि नाल्यांत गेला. आपल्या सोसायटीच्या 'ग्रीन' यंत्राची राख कुठे साठते हे ज्याला बघायचं असेल, त्याने तिकडे एक चक्कर मारावी.

यंत्र नको म्हटलं की उरते शहराची नेहमीची रीत. सकाळी ते हिंदी गाणं वाजवत गाडी येते, आपण चपला न घालता धावत खाली जातो, पिशवी भिरकावतो, विषय संपतो. तो तिथे संपत नाही. नागपुरात दिवसाला हजार टनांहून जास्त कचरा निघतो. निम्मा ओला धरा आणि त्यातला पाऊण भाग पाणी. म्हणजे धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, जरीपटका इथून रोज पावणेचारशे टन पाणी गोळा करून आपण शहराच्या पूर्व टोकाला भांडेवाडीला नेऊन ओततो. दहा हजार लिटरचे सदतीस टँकर भरतील एवढं. ज्या ले-आउटांमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघत ड्रम रांगेत लावून ठेवतात, त्यांच्या समोरून हे पाणी सालींच्या पोटात दडून डिझेलवर प्रवास करतं.

भांडेवाडी हे पश्चिम नागपुरातल्या पुष्कळांसाठी फक्त बातमीतलं नाव आहे. उन्हाळ्यात डम्पिंग यार्डला आग लागली की ते नाव वर येतं आणि पाऊस पडला की विझतं. आग लागते कशी? ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा मिथेन करतात. वर वाळकं प्लास्टिक, खाली गॅस, डोक्यावर विदर्भाचं ऊन. मग कोणी काडी टाकली की नाही, हा शोध फार महत्त्वाचा राहत नाही. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट उष्णता धरून ठेवतो. तो जळाला नाही तर हवा तापवतो, जळाला तर आसपासच्या वस्त्यांच्या फुफ्फुसांत धूर भरतो. आणि ढिगातून झिरपणारं काळं पाणी मुकाट जमिनीत जातं.

गंमत म्हणजे याच भांडेवाडीत या शहराने एक शहाणपणाचं काम करून दाखवलंय. तिथल्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या वीज केंद्राला पुरवलं जातं. तेवढं गोडं पाणी वाचतं. इतर शहरं ते बघायला येतात. म्हणजे आपल्या संडासातून गेलेल्या पाण्याचा विचार या शहराने केला, ताटातून गेलेल्या पाण्याचा नाही. आता त्यात सोसायटीचं यंत्र जोडा: भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीला, कोराडीची वीज सोसायटीला, सोसायटीत ती वीज सालींतलं पाणी उडवायला. असा फ्लोचार्ट ऑफिसात कोणी रिव्ह्यूला पाठवला असता तर आम्ही तो हसून परत केला असता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. भांडेवाडीत आता एक डच कंपनी बायो-सीएनजीचा मोठा प्रकल्प उभारणार आहे, मग आपण कशाला हात घाण करायचे? प्रकल्प व्हावा, जरूर व्हावा. पण इंदूरकडे बघा. तिथे ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तो अशा शहरात, जिथे त्याआधी कित्येक वर्षं घराघरात ओलं-सुकं वेगळं होत होतं. यंत्राच्या आधी सवय आली. आपण उलट्या टोकाने सुरुवात करतोय. काचेचा चुरा, डायपर आणि सॅशे मिसळलेली भाजी टाकीत घालून शुद्ध गॅसची वाट बघायची, म्हणजे घाणेरड्या डेटावर भारी मॉडेल चालवण्यासारखं आहे. मॉडेल नेदरलँड्सहून आलंय म्हणून डेटा धुतला जात नाही. भांडेवाडीत याआधीही प्रक्रियेचा प्रकल्प उभा राहिला होता. त्याचं काय झालं ते नागपुरातल्या कोणत्याही जुन्या वार्ताहराला विचारा.

तर मग करायचं काय? उत्तर सोसायटीच्या गेटच्या आत, दोन कोपऱ्यांत पडलेलं आहे. एका कोपऱ्यात हिरव्या डब्यातला ओला कचरा, जो सकाळी भांडेवाडीला जाणार. दुसऱ्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून, माळ्याने झाडून लावलेला वाळक्या पाल्याचा ढीग, जो संध्याकाळी पेटवला जाणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरच्या कोणत्याही कॉलनीतून सायंकाळी फिरा, तो धूर ओळखीचा आहे. एक ढीग आपण डिझेल जाळून हाकलतो, दुसरा काडी लावून. आणि हे दोन ढीग एकमेकांसाठीच बनलेत.

कुजवणाऱ्या जिवाणूंचं जेवण ठरलेलं असतं. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि पाणी तर भलतंच जास्त. वाळक्या पाल्यात कार्बन भरपूर आणि पाणी जवळपास नाही. एकट्या ओल्या कचऱ्याचा ढीग चिकट होतो, हवा कोंडते, वास सुटतो. एकटा पाला वर्षभर तसाच पडून राहतो. दोन्ही थर देऊन मिसळले की पाला जास्तीचं पाणी शोषतो, मध्ये हवा राहते आणि ढीग आतून स्वतःच साठ अंशांच्या आसपास तापतो. ही उष्णता फुकट असते, मीटरवर येत नाही. तिने माशांच्या अळ्या आणि बहुतेक रोगजंतू मरतात. कोराडीला फोन करावा लागत नाही.

हे ज्ञान परदेशी रीलमधून आलेलं नाही, ते आपल्या अंगणातलं आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्धपणे बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्याच्यावर दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीवाल्यांनी पुढे हॉवर्डना गुरू केलं. वाड कोण, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

आणि पुसदचे नारायण पांढरीपांडे. नागपूरहून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून 'नाडेप' हा शब्द झाला आणि देशभरच्या कृषी खात्यांच्या पुस्तिकांत गेला. कृषीच्या विद्यार्थ्याला तो पाठ असतो, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी तो एकदाही ऐकला नाही, आणि तेही ज्या शहरात 'नीरी'सारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून उभी आहे तिथे. नाडेपचा हौद म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं बांधकाम, भिंतीत ठरावीक अंतरावर विटा गाळून ठेवलेली भोकं. हवा त्या भोकांतून आपली आपण आत जाते. ढीग उलथापालथा करावा लागत नाही. तीन-चार महिन्यांत खत. मोटर नाही, टच पॅनल नाही, वार्षिक देखभालीचा करार नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नाहीच, म्हणून विकण्यासारखंही काही नाही आणि म्हणून त्याचा प्रतिनिधी सोसायटीत प्रोजेक्टर घेऊन येत नाही.

हा हौद शेतासाठी होता आणि एका दमात भरायचा असे. सोसायटीत तो रोज थोडा थोडा भरणार, एवढा फरक. रोजच्या ओल्या थरावर चुरलेल्या पाल्याची जाड रजई आणि वर पसाभर माती किंवा जुनं खत. ढीग दबत जातो, त्यामुळे शंभर फ्लॅटच्या कचऱ्याला एक हौद साधारण महिनाभर पुरावा. पहिला हौद पिकेपर्यंत पुढचे भरत न्यायचे, म्हणजे पाच हौद लागतात. प्रत्येकी साठ चौरस फूट, एकूण तीनशे. दोन-तीन गाड्यांच्या पार्किंगची जागा. अडचणी आहेत. उन्हाळ्यात ढीग कोरडा पडतो, त्याला पाणी द्यावं लागतं. आरओचं वाया जाणारं पाणी चालतं. पावसाळ्यात वर पत्रा हवा. उंदरांसाठी भोकांना जाळी. संत्र्याच्या साली सावकाश कुजतात, तुकडे करून टाकल्या की बरं. सावजी मटणाची हाडं वर दिसली तर गल्लीतली सगळी कुत्री सभासद होतात. ती मधोमध खोल पुरायची. आणि सगळ्यात मोठी अडचण पाल्याची. शंभर किलो कचऱ्याला रोज पंधरा-वीस किलो कोरडा माल लागतो. आवारातली चार झाडं तो वर्षभर पुरवणार नाहीत. पण मार्चमध्ये सगळं शहर पाला जाळत असतं, तो पोत्यात भरून ठेवता येतो. आणि नागपुरात लकडगंज आहे. आरा मशीनखाली पडणारा लाकडाचा भुसा हा याच कामाचा कार्बन आहे.

हॉटेलं, मेस आणि कॅन्टीनसाठी बायोगॅस जास्त बरा. पुण्याच्या 'आरती' संस्थेने आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने खरकट्यावर चालणारी घरगुती बायोगॅस टाकी बनवली आणि त्यासाठी २००६ चा अॅशडेन पुरस्कार मिळवला. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने डम्पिंगच्या जागेची बाग केली, लोक तिथे सहलीला जायला लागले. वेंगुर्ले श्रीमंत नाही आणि तिथे मिहान नाही.

म्हणजे तंत्र आहे आणि माणसंही आहेत. मग अडतं कुठे? कमिटीच्या बैठकीत हौदाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वास येईल ना बाप्पा." वास येतो तो पाला कमी पडला की. हे समजावून सांगा, डेटा दाखवा, चालू असलेला हौद दाखवायला घेऊन जा. मग दुसरं वाक्य येतं: "पण हे करणार कोण?" खरा प्रश्न हा दुसरा आहे, पहिला त्याचा मास्क आहे.

मराठीत 'खरकटं' असा एक शब्द आहे. 'फूड वेस्ट' म्हटल्यावर जे निसटतं ते सगळं त्यात आहे. मटाराची टरफलं खरकटी नसतात, ती आपण सोलता सोलता मांडीवर घेऊन बसतो. तेच मटार भाजीत शिजून ताटात उरले की खरकटे. वस्तू तीच, फक्त आता तिला हात लावायचा नाही. हात लागला तर धुवायचा. हा स्वच्छतेचा नियम नाही, सोवळ्या-ओवळ्याचा आहे. फ्रीज आला, डिशवॉशर आला, तरी हा नियम तसाच इन्स्टॉल राहिला. आणि आपल्याकडे ज्याला एकाने हात लावायचा नाही, त्याला दुसऱ्या कुणीतरी हात लावायचा असतो. तो दुसरा कोण, हे या देशात लॉटरीने ठरत नाही.

आपण डाळीत बुडवलेलं दुधाचं पाकीट आणि त्यात गुंडाळलेली ब्लेड एकाच पिशवीत घालून गाठ मारतो. ती गाठ कोणीतरी सोडतं. गाडीवर उभा राहून, पुष्कळदा हातमोज्यांशिवाय. भांडेवाडीच्या ढिगावर भंगार वेचणाऱ्या बायका ती पिशवी फोडतात. डबे वेगळे ठेवायला आपल्याला दोन सेकंद लागतात. ते आपण वाचवले की ती दोन सेकंदं त्यांच्या बोटांना पडतात. ही माणसं बहुतांशी कोणत्या जातींची आहेत हे आपल्याला माहीत असतं. कमिटीच्या मिनिट्समध्ये ते कधी लिहिलं जात नाही. हे शहर १४ ऑक्टोबर १९५६ चं शहर आहे. दीक्षाभूमीपासून भांडेवाडी एका शहराच्या रुंदीएवढी दूर आहे आणि आपला ओला कचरा रोज ते अंतर कापतो.

विदर्भाला याची आठवण करून द्यायला बाहेरचं कोणी नको. गाडगेबाबा आमच्या अमरावतीकडचे. कीर्तनाआधी ते स्वतः खराटा घेऊन गाव झाडत. आपण त्यांच्या नावाचं अभियान काढलं, भिंतींवर त्यांचं चित्र काढलं आणि खराटा मात्र दुसऱ्याच्या हातात राहू दिला. कोकणात अप्पा पटवर्धनांनी तर संडास सफाई स्वतः केली, कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारा संडास बसवला. उच्च जातीत जन्मलेल्या माणसाने हे काम आधी आपल्या हाताने केलं पाहिजे, असं ते मानत. आपल्याला तर मैला उचलायला कोणी सांगत नाहीये. भेंडीचे देठ आहेत.

म्हणूनच माझा हौदवाल्या सोसायट्यांशीही एक वाद आहे. शहरात काही सोसायट्या चांगलं खत करतात, फोटो टाकतात, बक्षिसं घेतात. फोटोत खत हातात घेतलेली माणसं वेगळी असतात आणि हौदात उतरून थर लावणारी बाई वेगळी. जिना झाडणं, लॉबी पुसणं या कामांत हे एक काम वाढलं, पगार होता तेवढाच राहिला. असं असेल तर आपण भांडेवाडी फक्त गेटच्या आत आणली. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने दाखवलंय की हे काम कौशल्याचं आहे, त्याचा दर ठरतो आणि तो मागता येतो. सोसायटीत थर लावण्यासाठी माणूस ठेवायचा तर वेगळा पगार, बूट, हातमोजे, आठवड्याची सुट्टी. आणि रविवारी रहिवाशांची पाळी. पाळी प्रतीकात्मक वाटेल, पण ज्याला हौदातून प्लास्टिक वेचावं लागतं त्याच्या घरातून पुढच्या सोमवारी प्लास्टिक येत नाही. मी एवढा वेगवान फीडबॅक लूप कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना ओला कचरा शक्य तिथवर आवारातच जिरवायला सांगितलं. 'शक्य तिथवर' या दोन शब्दांच्या फटीतून अख्खी गाडी जाते. बिल्डर भोगवट्याच्या कागदापुरतं यंत्र बसवतात. माझ्या ओळखीच्या एका इमारतीत त्या यंत्रावर आता गणपतीच्या मखराची खोकी असतात. दुसरीकडे कचरा वाहून नेणाऱ्यांचे पैसे वजनावर ठरतात. जड कचरा म्हणजे जास्त पैसे आणि कचऱ्यात सगळ्यात जड असतं पाणी. या व्यवस्थेत ओला कचरा कमी व्हावा असं कोणाला वाटावं? महापालिकेने उलटं करावं: न उचललेल्या कचऱ्याचे पैसे सोसायटीला द्यावेत. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा करणाऱ्यांना मालमत्ता करात पाच-दहा टक्के सूट आहे. नागपूरने त्याहून पुढे जावं आणि मिश्र कचरा देणाऱ्या मोठ्या सोसायटीचा कचरा सरळ गेटवर ठेवावा. दोन दिवसांत एजीएम बोलावली जाईल.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर फेब्रुवारी २०१८ आठवा. तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या. तुमचा कचरा आमच्या गावात आता नाही, बस. बघता बघता शहरभर ढीग लागले, मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. पुण्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगीने हेच वर्षानुवर्षं सुनावलं. भांडेवाडीच्या आसपासचे लोकही कितीदा रस्त्यावर आलेत. ते उद्या गाड्या अडवून बसले, तर आपल्याकडे द्यायला त्यांना काय उत्तर आहे? तुमच्या घराजवळ घाण राहू द्या, कारण आम्हाला वास येतो?

राहिला बाल्कनीतला मातीचा तीन मजली माठ. त्याच्याशी माझं भांडण नाही, तो सुंदर दिसतो आणि त्यात खतही होतं. पण तो छंद आहे, व्हायोलिनसारखा. शंभरातल्या चार घरांनी व्हायोलिन वाजवलं म्हणून कॉलनीतला डीजे बंद होत नाही. चार घरं माठ ठेवतात, त्यांना 'पर्यावरणवाले' असं नाव पडतं आणि उरलेली शहाण्णव सुटतात. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांना तर माठही नको. नागपुरात अजून अंगणवाली घरं भरपूर आहेत. दोन फुटांचा खड्डा, त्यात साली, वर माती. फक्त त्यासाठी अंगणात माती शिल्लक पाहिजे. नव्या बंगल्यांत गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत टाइल्स असतात, कडीपत्ता कुंडीत असतो आणि त्या कुंडीसाठी खताची पिशवी ऑनलाइन मागवलेली असते.

पानगळ फेब्रुवारीत सुरू होते. पोती जानेवारीतच जमवून ठेवावी लागतील आणि माळ्याला काडेपेटी ठेवायला सांगावं लागेल. लकडगंजात भुशाचा भाव आधी विचारून ठेवा. एजीएमच्या अजेंड्यावर पार्किंगचा विषय दरवर्षी असतोच. त्याच्याच खाली एक ओळ लिहून द्या: पाहुण्यांच्या गाड्यांच्या तीन जागा, त्यांत पाच हौद, थर लावणाऱ्या माणसाचा वेगळा पगार, रविवारी पाळी. मतदान चिठ्ठीने नको, हात वर करून घ्या.